मॉरिशसची जुनी ऊस-इस्टेट कशी बघायची: बंगल्यापासून नाही, कॅम्पापासून सुरुवात करा

मॉरिशसला जाऊन आलेल्यांचे फोटो बघितले की समुद्र, गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती आणि एखादा पांढराशुभ्र व्हरांड्याचा बंगला एवढंच दिसतं. बंगल्यासमोर उभं राहून फोटो, आत जेवण, परत येताना रमची बाटली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझाही असाच एक दिवस गेला आणि संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर डोक्यात एकच प्रश्न, की या बंगल्याच्या मागे शेकडो माणसं ऊस तोडत होती ती राहायची कुठे? त्यातली काही आपली होती हो, रत्नागिरीची, सावंतवाडीची, साताऱ्याकडची. मुंबई बंदरातून बोटीत बसलेली. त्यांची घरं कुठे गेली?

दुसऱ्या खेपेला मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली, म्हणजे इस्टेटीवरच्या मजुरांच्या वस्तीचा, तिथे तिला कॅम्प म्हणतात, तिचा माग काढत. ही पद्धत सगळ्यांना उपयोगी पडेल असं वाटतं म्हणून लिहितेय. इतिहासाचा अभ्यास असायला पाहिजे असं काही नाही, तीन-चार दिवस हातात असले आणि चालायची तयारी असली की झालं.

सगळ्यात आधी महिना ठरवा. तिकडे ऊसतोड साधारण जून-जुलैला सुरू होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालते. तुम्ही मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर ऊस डोक्याच्या वर उभा असतो आणि त्याच्या आत काय पडलंय ते दिसतच नाही, नुसती हिरवी भिंत. ऑक्टोबरमध्ये गेलात तर अर्धी शेतं मोकळी झालेली असतात आणि मग कुठे अर्धी भिंत, कुठे पाण्याचा दगडी पाट, कुठे एकटीच उभी असलेली चिमणी असं सगळं उघडं पडतं. हा एक मुद्दा सांभाळलात तरी निम्मं काम झालं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात त्यामुळे भाड्याने घ्यायला भीती नको, बस पण चांगल्या आहेत, पण शेतातल्या जागांना बस जात नाही.

दोन शब्द पाठ करून जा. साखर इस्टेटीला तिथल्या क्रिओल भाषेत 'ताब्लिसमाँ' म्हणतात आणि कारखान्याला 'मुलें'. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "बोंझूर" करून "कोत एना व्ये मुलें?" म्हणजे जुना कारखाना कुठे आहे एवढं विचारलंत तरी तो तुम्हाला हाताला धरून नेईल, माझा अनुभव आहे. गूगलवर ज्या जागा सापडत नाहीत त्या अशाच सापडतात.

आता शेतात उभे आहात असं धरा. पहिली शोधायची ती चिमणी. काळ्या बेसॉल्ट दगडाची, कुठे गोल कुठे चौकोनी, आणि बऱ्याचदा डोक्यावर वडा-पिंपळाच्या जातीचं झाड उगवलेलं. चिमणी हा खुंटा आहे, बाकीचं सगळं त्याच्याभोवती शोधायचं. कारण बाकीच्या इमारतीचा दगड लोकांनी घरं बांधायला, रस्त्याला नेला, पण चिमणी पाडायची म्हणजे जोखीम, म्हणून ती राहिली. आता त्यातल्या काही राष्ट्रीय वारशाच्या यादीतही आहेत.

मग गुऱ्हाळ आठवा. खरंच सांगते, ज्याने कोल्हापूरकडे किंवा कराडकडे एकदा गुऱ्हाळ बघितलंय त्याला हे पडके कारखाने तिथल्या गाइडपेक्षा चांगले कळतात. चरकातून रस काढायचा, तो काहिलीत ओतायचा, चुलाणात चिपाडाचा जाळ, रस आटत आटत पुढच्या भांड्यात, शेवटी घट्ट पाक. तिथे एकाच लांब चुलाणावर मोठ्या काहिलीपासून लहान काहिलीपर्यंत अशी रांगच असायची, जाळ एका टोकाला आणि चिमणी दुसऱ्या टोकाला, म्हणजे धूर आणि उष्णता सगळ्या काहिलींच्या खालून जाऊन मग वर निघायची. म्हणून चिमणीच्या बुडाशी जा, तिथे एक बुजलेलं भोक दिसेल, त्या भोकाच्या रेषेत मागे चालत गेलात की तुम्ही काहिलींच्या रांगेवरूनच चालताय. रेषा संपते तिथे जाळ घालायचं तोंड असणार, आणि चरक जवळपासच कुठेतरी. चरक बैलांवर चालायचे, पाण्यावर चालायचे, १८२० च्या दशकापासून वाफेवरचे पण यायला लागले. जवळ उंचावरून येणारा दगडी पाट दिसला तर पाण्यावरचा चरक समजा. बाजूला चुनाभट्टी सापडली तर तीही याच संसारातली, समुद्रातलं पोवळं भाजून चुना करायचे, तो बांधकामालाही लागायचा आणि रस स्वच्छ करायलाही. आपल्याकडे भेंडीचं पाणी घालतात तसंच.

मला हे कळलं तेव्हा मी एका पडक्या जागेत त्या रेषेवर उभी होते, पायाखाली गवत, बाजूला तोडलेल्या उसाचे खुंट. खाली वाकून एक दगड बघितला तर त्याची एक बाजू लालसर भाजलेली होती, बाकी सगळा काळा. म्हणजे ही बाजू जाळाकडे होती. हात लावून बघितला. माहितीच्या पाटीवर हे कुठे लिहिलेलं नसतं.

असे कारखाने किती होते? १८५८ च्या सुमाराला अडीचशेच्या वर. एवढ्याशा बेटावर. ऊस डचांनी १६३९ मध्ये आणला, फ्रेंचांच्या काळात १७४० च्या दशकात विल्बागला पहिला कारखाना निघाला, पण खरा धंदा फुगला तो ब्रिटिशांनी बेट घेतल्यावर आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरचं शुल्क वेस्ट इंडीजच्या बरोबरीचं केल्यावर. नंतर मशीन मोठ्ठं झालं, रेल्वे आली (१८६४ पासून), मग छोटे कारखाने परवडेनात, एकाने चार गिळायचे असं करत करत आज साखर कारखाने उरलेत तीन. फक्त तीन. युरोपियन युनियनने २००६ नंतर साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला तेव्हा उरलेसुरलेही बंद होत गेले. जे तीन आहेत ते साखरेइतकेच चिपाडावर वीज करतात, म्हणजे चुलाणाचं काम अजून चालू आहे असं म्हणा, फक्त काहिलीच्या जागी टर्बाइन.

बंद पडलेल्या कारखान्याचं पुढे काय होतं ते नीट, पोटभर बघायचं असेल तर पाम्पलमूसजवळ बो प्लाँला जा. हा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला आणि २००२ मध्ये तिथे साखरेचं म्युझियम सुरू झालं. इथे घाई करू नका, अर्धा दिवस ठेवा. मशीन जागच्या जागी आहेत, रोलर, बाष्पीभवनाची मोठी भांडी, सगळं, आणि इथे साखरेबरोबर गुलामगिरी आणि गिरमिट, म्हणजे करारावर बांधून आणलेली मजुरी, यांच्याबद्दलही सांगितलंय, लपवलेलं नाही. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात, मुलांना तेच आवडतं. माझी एक सूचना, आत शिरताना सुरुवातीचे फलक वाचत बसण्याआधी आधी नुसतं वर छताकडे बघा. इथे किती आवाज, किती उष्णता असेल याचा अंदाज घ्या, मग वाचा. बाहेर आता नवीन वसाहत, दुकानं, ऑफिसं झालीत. म्हणजे एकाच जागेवर इस्टेट, कारखाना, म्युझियम आणि त्याच्याभोवती शहर, असे थर एकावर एक दिसतात.

आता बंगले. मी बंगले बघू नका म्हणत नाहीये. बघा, पण कसे बघायचे ते सांगते. मोकाचं युरेका १८३० च्या आसपासचं, दारं मोजली तर १०९ म्हणतात, आता म्युझियम आहे. मापूचं लाबूर्दोने, १८५० च्या दशकाच्या शेवटी बांधलेलं, डागडुजी करून २०१० मध्ये लोकांसाठी उघडलं, तिथे फळबाग आहे, रमची भट्टी आहे. दक्षिणेला सेंट ओबें, १८१९ चं, आता जेवायची जागा. क्युरपीपचं ओबिनो, १८७२ चं, ते आता चहाच्या सहलीतला पहिला थांबा, तिथून बुआ शेरीच्या चहा कारखान्यात नेतात आणि तो कारखाना मात्र अजून चालू आहे. बेल ओंब्रचं शातो रेस्टॉरंट झालंय आणि भोवताली गोल्फचं मैदान.

बंगल्यात शिरलात की समोरचा दिवाणखाना सगळ्यात शेवटी बघा. आधी मागच्या दाराने बाहेर जा. युरेकाला स्वयंपाकघर मुख्य घरापासून वेगळं, दगडी, मागच्या बाजूला आहे, कारण लाकडी घराला आगीची भीती. म्हणजे ताट हातात घेऊन कोणीतरी रोज ते अंतर चालत होतं, पावसात पण. ते अंतर स्वतः चालून बघा. मग तबेला कुठे होता ते विचारा, बऱ्याच ठिकाणी तबेल्याचं किंवा गोदामाचं रेस्टॉरंट झालेलं असतं, रुंद कमानीची दारं आणि उंच छोट्या खिडक्या दिसल्या की ओळखा. हॉस्पिटल कुठे होतं ते विचारा, कारण मजुरांसाठी इस्टेटीवर हॉस्पिटल ठेवणं कायद्याने बंधनकारक होतं. आणि शेवटचा प्रश्न गाइडला सरळ विचारा, "कॅम्प कुठे होता?" हा प्रश्न विचारल्यावर काही गाइडचा चेहरा उजळतो, कारण त्यांची स्वतःची आजी-पणजी तिथलीच असते आणि हे कोणी विचारत नाही. एका ठिकाणी तर आमच्या गाइड मुलीने ठरलेली टूर अर्धवट सोडली आणि आम्हाला कुंपणापर्यंत नेऊन बोटाने दाखवलं, "ते आंब्याचं झाड दिसतंय ना, तिथून पुढे."

बेल ओंब्रबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. तिथला १८१६ नंतरचा मालक चार्ल्स टेल्फेअर याने १८३० मध्ये, आपल्या इस्टेटीवर गुलामांना किती चांगलं वागवलं जातं हे छापून जगाला सांगितलं होतं आणि इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी लोकांनी त्यावर सडकून टीका केली होती. म्हणजे "आमच्याकडे सगळे सुखात होते" हे सांगणं आजचं नाही, इमारत उभी होती तेव्हापासूनच चालू आहे. छान छान बंगल्यात छान छान गोष्टी ऐकताना हे लक्षात ठेवा.

तर कॅम्प. आता मूळ मुद्द्यावर येते.

कॅम्प सापडत नाही याचं कारण साधं आहे. मालकाचं घर चांगल्या लाकडाचं, कारखाना दगडाचा, आणि मजुराची झोपडी उसाच्या पाचटाची. क्रिओलमध्ये त्याला 'लाकाझ लापाय' म्हणतात, गवताचं घर. चक्रीवादळ आलं की ते उडालं, परत बांधलं, परत उडालं. १८९२ च्या वादळात हजाराच्या वर माणसं गेली. १९६० मध्ये कॅरोल नावाचं वादळ आलं त्याने तर गवताची-पत्र्याची घरं अक्षरशः झोपवली आणि त्यानंतर सरकारने सिमेंटच्या वसाहती बांधायला घेतल्या. आज मॉरिशसमध्ये फिरताना सपाट स्लॅबची घरं इतकी का दिसतात त्यामागे ते वादळ आहे. म्हणजे काय, जे टिकलं ते टिकायच्या लायकीचं बांधलेलं होतं म्हणून टिकलं, महत्त्वाचं होतं म्हणून नाही. त्यामुळे टिकलेल्या इमारती बघून इस्टेटीचा अंदाज बांधाल तर शंभरातली पाच माणसं दिसतील आणि पंचाण्णव गायब.

गायब झालेला कॅम्प मग शोधायचा कसा? मी चार खुणा धरते.

एक म्हणजे नावं. नकाशा उघडा आणि 'काँ' म्हणजे कॅम्पने सुरू होणारी गावं बघा, काँ द मास्क, काँ तोरेल, काँ दियाब्ल. प्रत्येकच इस्टेटीचा कॅम्प होता असं नाही, पण विचारायला जागा मिळते. जुन्या कागदांत 'काँ दे न्वार', म्हणजे काळ्यांचा कॅम्प, आणि 'काँ दे मालाबार' म्हणजे आपल्याकडच्यांचा कॅम्प असंही सापडतं, तिथे सगळ्याच हिंदुस्थानी माणसाला मलबारी म्हणायचे. आणि ही दोन नावं शेजारी शेजारी ठेवून बघायलाच पाहिजेत, कारण १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली तेव्हा साठ-पासष्ट हजार माणसं गुलाम होती, मुख्यतः आफ्रिकेतून आणि मादागास्करहून आणलेली किंवा त्यांची मुलंबाळं, आणि ती इस्टेट सोडून गेल्यावर त्यांच्याच रिकाम्या झोपड्यांत आपली माणसं शिरली. मालकांना नुकसानभरपाई मिळाली, गुलामांना काही नाही. आपल्या पूर्वजांचं दुःख सांगताना त्यांच्या आधी त्याच जमिनीवर झोपलेल्यांना विसरणं मला बरोबर वाटत नाही.

दुसरी खूण झाडं. उसाच्या शेतात आंबा, चिंच, फणस एका जागी घोळक्याने दिसले तर तिथे वस्ती होती. ऊसवाला उगाच जमीन अडवणारी झाडं ठेवत नाही.

तिसरी कालीमाई. ही खूण सगळ्यात पक्की. शेताच्या कडेला झाडाखाली सात-आठ दगड मांडलेले, शेंदूर, लाल झेंडे, कधी छोटी घुमटी, कधी आता टाइल्स लावलेला ओटा. इस्टेटीवर मजुरांनी स्वतःसाठी केलेली ही जागा, आपल्याकडे गावाच्या वेशीवर असते तशीच. कारखाना जातो, कॅम्प जातो, जमीन विकली जाते, पण कालीमाई हलवायला कोणी धजत नाही, म्हणून नवीन कॉलनीच्या मधोमध पण तुम्हाला ती दिसेल. चपला काढा, पूजा चालू असेल तर फोटो काढू नका, तिथे कोणी असेल तर बसा दोन मिनिटं.

चौथी बैठका. हा शब्द आपलाच वाटतो आणि आहेच. दिवसभर उसात राबल्यावर संध्याकाळी कॅम्पातली माणसं एका झोपडीत जमून मुलांना अक्षरं, भजनं, पोथी शिकवायची, तिला बैठका म्हणतात. कितीतरी ठिकाणी बैठक्याची झोपडी गेली आणि त्याच जागेवर पक्का हॉल, सोसायटीचं ऑफिस किंवा देऊळ झालं. इमारत नवी, काम जुनंच. गावात विचारताना "जुना बैठका कुठे होता" असं विचारा, लोक हमखास सांगतात. आपल्या मराठी लोकांची वस्ती पश्चिमेला कास्कावेलच्या बाजूला आणि वाक्वा-ऑन्रिएताकडे जास्त. तिकडे गेलात तर झाकरीची चौकशी करा, म्हणजे आपल्या कोकणातली जाखडी, नाव जरासं फिरलंय पण पाय तसेच पडतात. आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सरकारी सुट्टी असते, मुंबईतून सगळ्यात कमी माणसं गेली (कलकत्त्याहून सगळ्यात जास्त, मग मद्रास) तरीसुद्धा.

वाक्वा हे नाव केवड्याच्या जातीच्या झाडावरून पडलंय, त्या पानांच्या विणलेल्या गोणीत पूर्वी साखर भरायचे. त्या विणणारे हात कोणाचे असतील ते सांगायला नको.

दगडी कॅम्प बघायचा असेल तर क्वात्र बोर्नजवळ त्रियानोंला मजुरांच्या बराकी शिल्लक आहेत, दगडी कमानींची रांग. हायवे आणि शॉपिंगच्या गजबजाटाजवळ आहे, शंभर जण जवळून जातात आणि एकाला पत्ता नसतो. उभे राहा आणि एक खोली पावलांनी मोजा, मग तिथे किती माणसं झोपत असतील याचा विचार करा, महिना पाच रुपये पगार आणि शिधा, आणि एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचे, त्याला 'डबल कट' म्हणायचे. करार संपलेल्यालाही फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसाचा पास जवळ ठेवायला लागायचा, नाही सापडला तर भटक्या म्हणून आत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका मळेवाल्याने या लोकांच्या बाजूने अर्ज लिहिला, त्यावर नऊ हजारांच्या वर जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे केले आणि १८७२ मध्ये विलायतेहून चौकशी आयोग आला.

उत्तरेला बार्लोजवळ अँत्वानेत म्हणून जागा आहे, लोक फुलियार म्हणतात. नोव्हेंबर १८३४ मध्ये 'अ‍ॅटलास' बोटीने आलेले पहिले ३६ मजूर तिथल्या इस्टेटीवर गेले. त्यांना कागदावर 'धांगर' म्हटलंय. आपल्या मराठी माणसाला ते वाचून एकदम आपले धनगर वाटतात, तसं नाही, ती छोटा नागपूरकडची डोंगरातली माणसं होती.

पोर्ट लुईचं आप्रवासी घाट, म्हणजे बोटीतून आलेले मजूर उतरवून घ्यायची जागा, मी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगते. बहुतेक सहलीत ते पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत उरकतात, तसं करू नका. आधी शेतं, चिमण्या, कॅम्प बघून घ्या आणि मग इथे या, म्हणजे त्या सोळा पायऱ्या चढताना वर गेल्यावर माणूस पुढे कुठे पाठवला जायचा हे तुमच्या डोळ्यांसमोर असेल. १८४९ पासून इथे डेपो होता. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ साडेचार लाख माणसं मॉरिशसला उतरली, त्यातली बहुतेक इथून आत गेली. नंतर मजूर येणं बंद झालं तशी ही जागा सरकारी मदत खात्याकडे गेली, पुढे हायवे करताना बराच भाग पाडून टाकला, पूर्वी 'कुली घाट' म्हणायचे ते नाव बदललं आणि २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. उरलंय ते थोडंसंच. पण पाडलेला भाग कुठे होता ते पण बघा, गाड्या जातायत त्या रस्त्याखाली. बंदरावरची जुनी धान्याची कोठी आता गाड्यांचं पार्किंग आहे, आणि १९८० मध्ये साखर सुटी, पोत्यांशिवाय भरायचं टर्मिनल झाल्यावर पोती वाहणाऱ्या हमालांचं काम गेलं, गोदामं रिकामी झाली. रेल्वे १९६४ मध्ये पूर्ण बंद झाली आणि आता त्याच वाटेवरून बऱ्याच अंतरापर्यंत मेट्रो धावते.

आताच्या बदलाकडे पण डोळे उघडे ठेवून बघा. साखरेला भाव राहिला नाही तसं इस्टेटींनी जमिनीवर व्हिला, गोल्फ, मॉल, 'स्मार्ट सिटी' काढायला घेतल्या. मला त्यात सगळंच वाईट वाटत नाही, पडक्या कारखान्यापेक्षा त्यात शाळा-कॉलेज आलेलं बरंच की. पण नवीन कॉलनीच्या गेटवर जुन्या इस्टेटीचं नाव, लोगोत चिमणी, रिसेप्शनमध्ये पॉलिश केलेली काहील कुंडी म्हणून ठेवलेली, आणि मजुरांचं नाव कुठेच नाही, हे मला खटकतं आणि मी ते प्रत्येक वेळी तिथल्या माणसाला नम्रपणे बोलून दाखवते. तुम्हीही बोला. पाहुणे विचारतात म्हटल्यावर पाटी लागते, हे आपल्याकडच्या किल्ल्यांवर पण बघितलंय.

नोंदी ठेवताना एक साधी सवय लावा. प्रत्येक जागेसाठी वहीत एक पान, वर जागेचं नाव, खाली एकाखाली एक लिहायचं, ही इमारत आधी काय होती, मग काय झाली, आता काय आहे, आणि हे मला कोणी सांगितलं. कोणी सांगितलं हे विसरू नका, कारण पाटीवर एक असतं, गाइड दुसरं सांगतो आणि गावातली आजी तिसरंच. माझ्या वहीत एका गोदामाच्या पानावर असं आहे: साखरेची पोती, मग मिश्र खताचं गोदाम, मग काही वर्षं रिकामं, मग लग्नाचा हॉल. हे सगळं सांगणाऱ्या मावशींचं स्वतःचं लग्न तिथेच झालं होतं आणि त्यांचे वडील त्याच गोदामात पोती वाहायचे. "बाबा ज्या दारातून ओझं घेऊन यायचे त्याच दारातून मी नवरी होऊन आले," असं त्या म्हणाल्या, क्रिओल आणि भोजपुरी मिसळून, त्यांच्या नातीने मला इंग्रजीत सांगितलं.

शेवटचा टप्पा मोकाला, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. गिरमिट मजुरांचे मूळ रजिस्टर तिथे जपून ठेवलेत आणि १८६० च्या दशकापासूनचे फोटोही. मॉरिशसचे लोक आपल्या पणजोबांची नोंद काढून घेतात, त्यात नंबर, बोट, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव असं असतं. तुम्ही म्हणाल आमचं तिथे कोण आहे, आम्ही कशाला जायचं. पण तुमची तिथे गरज आहे. कारण नोंद इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेली, रत्नागिरीचं 'रटनागेरी' वगैरे, आणि गावांची नावं तर ओळखू येत नाहीत. तिथल्या मराठी माणसाला नाव समोर असून कळत नाही कारण त्याने ते गाव कधी ऐकलेलं नसतं. तुम्ही ऐकलेलं असतं. असा कागद कोणी दाखवला तर डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, दोन-तीन वेळा, कोकणातला एखादा म्हातारा बोलेल त्या हेलात, शेवटची अक्षरं गिळून. मग तालुक्याचा नकाशा उघडा, पोस्टाच्या गावांची यादी बघा, आणि 'वाडी', 'वली', 'गाव' असं काही शेवटी जुळतंय का ते बघत जा.

कास्कावेलच्या बाजूच्या एका काकांनी मला असाच झेरॉक्स दिलाय. त्यांच्या पणजोबांचा, वय बावीस लिहिलंय, डाव्या गालावर व्रण. गावाचं नाव मी आणि माझ्या आईने मिळून महिनाभर उच्चारून बघितलं, राजापूर तालुक्यातल्या दोन गावांवर येऊन थांबलोय. दिवाळी झाली की दोन्हीकडे जाऊन देवळातल्या गुरवाला आणि तलाठी ऑफिसात विचारायचं ठरलंय, काकांचा तोपर्यंत दर रविवारी फोन येतो.